वर्लीनचं पिस्तूल

वर्लीनने काउंटरवरचं पिस्तूल उचललं, नळी भिंतीकडे केली आणि वरची पोलादी स्लाइड मागे ओढली. स्लाइड अर्ध्यावर आली आणि अडली. तिने दात आवळून पुन्हा ओढली. अंगठ्याच्या सांध्यातून निघालेली कळ कोपरापर्यंत गेली, पण चेहऱ्यावर तिने काही येऊ दिलं नाही.

"हे कुणासाठी बनवलंय? अस्वलासाठी?"

काउंटरपलीकडे ड्वाइट टॅकेट हसला. बंदुकांचं दुकान त्याचं, आणि लहानपणी वर्लीन चालवायची त्या बसमधून तो रोज शाळेत गेलेला असल्यामुळे तिच्यापुढे त्याचं दुकानदारपण फारसं चालत नसे.

"छोटं आहे ना, वर्लीनबाई. पिस्तूल जितकं छोटं तितकी स्प्रिंग कडक, आणि हाताला धक्काही जास्त. लोक बायकोसाठी सगळ्यात इवलंसं, गुलाबी उचलतात आणि महिन्याभरात परत घेऊन येतात. तुम्ही जरा मोठं घ्या."

"मग ते आधी सांगायचं! बसमध्येही तू असाच होतास. ओकून झाल्यावर सांगायचास, मळमळतंय म्हणून."

ड्वाइट पुढचं पिस्तूल काढायला वाकला. मागे बाकड्यावर बसलेली मार्ला मात्र हसली नाही. एरवी आईच्या अशा बोलण्यावर ती तोंडावर हात ठेवून हसायची.

मार्ला वर्लीनची एकुलती एक मुलगी. शहरात दातांच्या दवाखान्यात नोकरी करायची, नवऱ्याला सोडल्यापासून एकटीच राहायची, आणि आज मुद्दाम रजा काढून आली होती. कारण घडलं होतं चर्चमध्ये. वर्लीनचा नवरा ऑर्व्हिल वारला तेव्हा मागे एक वजनदार रिव्हॉल्व्हर ठेवून गेला होता. ते तिच्या पर्समध्ये असायचं, पर्स खांद्यावर असायची, आणि या भागात त्याचं कुणाला नवल नव्हतं. पण मागच्या रविवारी प्रार्थनेनंतरच्या जेवणात ती पर्स बटाट्याच्या सॅलडशेजारी विसरून घरी आली. पाद्रीबाईंना वाटलं, भांडी राहिलीत कुणाची. त्यांनी ती पर्स उचलली, जड लागली म्हणून आत पाहिलं, आणि फोन केला तो नेमका मार्लाला.

मार्लाला तेवढं निमित्त पुरलं. वसंत ऋतूपासून तिचं एकच टुमणं चाललं होतं. आई, एकटी राहू नकोस, माझ्याकडे ये. दर रविवारी फोन, दर रविवारी तेच. वर्लीनचंही उत्तर ठरलेलं होतं, "आणि माझ्या कोंबड्या कुठे ठेवू? तुझ्या कपाटात?" फोन ठेवल्यावर ती बराच वेळ धुसफुसत राही. आयुष्यभर गावाची पोरं बर्फातून आणि पुरातून सुखरूप नेली-आणली, आणि आता पोटची पोर म्हणते, तुला एकटीला जमणार नाही. तिला हे फार लागलं होतं.

शेवटी दोघींचं ठरलं. पर्स बंद. अंगावर बाळगता येईल असं पिस्तूल घ्यायचं. वर्लीनला ते स्वतःच्या हाताने भरता, ओढता, चालवता आलं, तर मार्ला तो विषय कायमचा सोडणार. नाही आलं, तर वर्लीनने घराला कुलूप लावून शहरात जायचं. वर्लीनने तिथल्या तिथे हो म्हटलं होतं. पैजेला ती कधीच भ्याली नव्हती.

ड्वाइटने दुसरं पिस्तूल आणलं, आत गोळी नाही हे आधी स्वतः पाहिलं, मग तिला दाखवलं आणि स्लाइड उघडी ठेवूनच तिच्या हातात दिलं. इथे हातात शस्त्र देण्याची रीत हीच. वर्लीननेही आत डोकावून पाहिल्यावरच ते नीट धरलं. मूठ हाताला भरली, करंगळीसुद्धा बसली.

"ते कमरेच्या पट्ट्यातून गाडीत बसून काढता येतं का?" मार्लाने मागून विचारलं. "म्हणजे, सीटबेल्ट लावलेला असताना?"

"गाडीत मी कुणावर गोळी झाडणार? ट्रॅक्टरवर?"

"विचारलं सहज."

"येतं," ड्वाइट म्हणाला. "पट्टा जरा पुढे, पोटाकडे सरकवून बांधला की येतं."

"आणि पातळ कपड्यांतून दिसतं का?"

"अगं, मी जुलैतही जीनचा शर्ट घालते. तुला माहीत नाही?"

वर्लीनने स्लाइड बंद केली आणि ओढायला हात घातला, पण ओढली नाही. तिला बसच्या दाराचा दांडा आठवला. त्या दांड्याशी नुसत्या मनगटाने झटापट करणारे नवे ड्रायव्हर दोन दिवसांत खांदे धरून बसायचे. दांडा ओढायचा नसतो, त्याच्यावर स्वतःला टाकायचं असतं. तिने पिस्तूल छातीजवळ घेतलं, डाव्या हाताने स्लाइड पक्की धरून ठेवली आणि उजव्या हाताने मूठ पुढे रेटली, सगळं अंग लावून.

खटकन स्लाइड मागे गेली.

"असं!" वर्लीन म्हणाली. तिने ते पुन्हा केलं, मग पुन्हा. अंगठ्याने तक्रारही केली नाही. "हे माझं. चल, मागे जाऊ."

दुकानामागे ड्वाइटने मातीचा उंच बांध घातला होता आणि त्यापुढे कागदी लक्ष्यं टांगली होती. वर्लीनने आवाज अडवणारी पट्टी कानांवर चढवली, पाय रोवले आणि सावकाश, एकेक श्वास सोडत गोळ्या झाडल्या. कागद जवळ आणला तेव्हा सगळी भोकं तळहाताखाली झाकली जातील एवढ्या जागेत होती. ड्वाइटने शीळ घातली.

"वर्लीनबाई, पुढच्या वर्षी हरणाच्या शिकारीला तुम्हीच चला."

"तुझ्याबरोबर? वाटेत ओकशील."

ती मार्लाकडे वळली. आता ही तोंड वाकडं करणार, मग हार मानणार, आणि परतताना आपण तिला पीच-पायचा गोड तुकडा खाऊ घालून समजूत काढणार, असं सगळं तिने मनाशी बांधून ठेवलं होतं. मार्ला हसली खरी. "छान जमलं, आई," असंही म्हणाली. पण हसू डोळ्यांपर्यंत गेलंच नाही. पैज हरलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. वर्लीनला ते खटकलं, पण जिंकल्याचा आनंद मोठा होता, म्हणून तिने ते तात्पुरतं बाजूला सारलं.

आत आल्यावर ड्वाइटने तिच्या कमरेला पट्टा बांधला, रिकामं पिस्तूल त्यात बसवलं आणि तिला भिंतीवरच्या उंच आरशापुढे उभं केलं. शर्ट वरून सोडून, हात वर करून, वाकून, वळून पाहायचं. कुठे फुगवटा दिसता कामा नये.

वर्लीनने हात वर केले. फुगवटा नव्हता. तेवढ्यात दाराची घंटी वाजली.

काडतुसं घ्यायला आलेला कुणी म्हातारा शेतकरी होता, टोपीला हात लावून तो सरळ कोपऱ्यातल्या फडताळाकडे गेला. पण वर्लीनने त्याला पाहिलंच नाही. तिची नजर आरशातल्या बाकड्यावर खिळली होती. घंटी वाजताच मार्ला अर्धी उठली होती. एक हात बाकड्याच्या कडेला घट्ट आवळलेला, डोळे दारावर, मग दारातून बाहेरच्या गाड्यांवर, एकेक गाडी तपासत. मग ती हळूच खाली बसली आणि केस सारखे केले, कुणी पाहिलं नाही ना अशा बेताने.

बसमध्ये डोक्यावरच्या लांब आरशात पाहत पाहतच वर्लीनची सगळी नोकरी झाली होती. मागच्या सीटवर कोण मारतंय ते त्यात दिसायचंच, पण कोण मार खातंय ते आधी दिसायचं. मार खाणारं पोर नेहमी दाराकडे पाहायचं. अशी कितीतरी पोरं तिने पुढच्या सीटवर आणून बसवली होती, काही न विचारता. आणि स्वतःची पोर वसंतापासून दर रविवारी हाका मारत होती, तर ही आई कोंबड्यांचे विनोद करत होती! स्वतःची इतकी चीड तिला कधी आली नव्हती.

तिने हात खाली घेतले. पिस्तूल पट्ट्यातून काढलं, स्लाइड मागे रेटून उघडी केली, आत पाहिलं आणि बाकड्यापाशी जाऊन मूठ पुढे केली.

"धर."

"मी कशाला?"

"धर म्हटलं ना."

मार्लाने आत पाहिलं आणि मग धरलं. बापाने शिकवलेलं ती विसरली नव्हती. मूठ तिच्याही हाताला भरली.

ड्वाइटने एकदा दोघींकडे पाहिलं आणि तो शेतकऱ्याला काडतुसं दाखवायला कोपऱ्यात निघून गेला.

"डीन परत आलाय का?" वर्लीनने हलक्या आवाजात विचारलं. डीन म्हणजे मार्लाने सोडलेला नवरा.

मार्लाने पिस्तूल मांडीवर टेकवलं.

"मार्चपासून. घरासमोर गाडी लावून बसतो. करत काही नाही. नुसता बसतो. पोलिसांत तक्रार केली तर म्हणे, रस्त्यावर गाडी लावणं हा काही गुन्हा नाही."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू लग्नाआधीच म्हणाली होतीस, हा माणूस बरा नाही म्हणून. मला ते पुन्हा ऐकायचं नव्हतं, आई. मला नुसतं घरात कुणीतरी हवं होतं."

आपण ते नक्की म्हणालो असतो, हे वर्लीनला ठाऊक होतं. ती मुलीशेजारी बाकड्यावर बसली आणि तिच्या हाताखाली आपला सांधेदुखीचा हात धरला.

"नुसता बसतो ना? मग मीही बसेन. तुझ्या पुढच्या दारात, खुर्ची टाकून. बघू कोण आधी उठतं."

मार्ला तोंडावर हात ठेवून हसली, आणि हसता हसता रडली. शेतकरी पैसे देऊन गेला तेव्हा घंटी पुन्हा वाजली. या वेळी मार्लाने मान वळवली नाही.

"मग, वर्लीनबाई?" ड्वाइट परत येत म्हणाला. "हेच ना तुमचं?"

"माझं कसलं? हिचं आहे. पैसे ती देईल, कागदही तीच भरेल. पट्टा तिच्या कमरेचा दे, आणि आधी तिला मागे नेऊन चांगल्या पेटीभर गोळ्या झाडायला लाव. ओढायची नाही, रेटायची, ते मी सांगते."

"आणि तुम्हाला?"

"मला ऑर्व्हिलचं आहे. एवढंच, की आता सॅलडपासून लांब ठेवेन."

मार्ला डोळे पुसत उभी राहिली. "पण आई, पैज तू जिंकलीस ना? तुला यायची गरज नाही. खरंच."

"जिंकलेच. त्यात काय शंका?" वर्लीनने काउंटरवर ठेवलेली कानांची पट्टी उचलून मुलीच्या हातात दिली. "तुझ्या मागच्या अंगणाला कुंपण आहे का गं?"

"आहे. का?"

"किती उंच? माझ्या कोंबड्या उडी मारतात."