संगणकाची पाटीपूजा

सीपरी बाजारातल्या लघाट्यांना मराठीचा भारी अभिमान. आपले पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर झाशीत आले, हे ते दारात आलेल्या गॅसवाल्यालाही ऐकवतात, अर्थात हिंदीत. घरात पुरण शिजतं, गणपती बसतो. मराठी मात्र उरली आहे आजोबांपुरती, आणि आजोबांशी बोलायला कुणाला सवड नाही.

त्यामुळे सात वर्षांच्या ईशानीची मराठी सुधारायचं ठरलं, तेव्हा तिच्याशी मराठीत बोलून बघावं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिला कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. त्यावर पुण्याच्या बाईंचा मराठीचा क्लास लावायचा होता.

खरं म्हणजे ईशानीला मराठी येत होती. ती तिला ज्ञानदाने शिकवली होती. ज्ञानदाचे बाबा सैन्यात. वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. दोघी जिन्यात बसून मराठीत भांडायच्या, मराठीतच कट्टी आणि बट्टी करायच्या. उन्हाळ्यात बदली झाली आणि ज्ञानदा नाशिकला मामाकडे गेली. आता दसऱ्याला दुपारच्या गाडीने ती आईबरोबर पार आसामच्या पलीकडे, बाबांकडे निघणार होती. तिथे धड फोनही लागत नाही म्हणे. निघण्याआधी ती ईशानीला व्हिडिओ कॉल करणार होती, आणि तोही ईशानीच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर. आईच्या फोनवर आईच जास्त बोलते.

केयूरने, म्हणजे ईशानीच्या बापाने, इलाइट चौराह्यावरच्या दुकानातून कॉम्प्युटर आणला आणि उत्साहाच्या भरात तो सगळा मराठीत करून टाकला. मग स्वतःच मराठी सूचना वाचत तासभर घाम पुसला आणि कुणी बघत नाहीसं पाहून हिंदी लावून घेतली. ज्ञानदाच्या आईला नवा आयडी कळवायचं काम ईशानीच्या आईने, पूर्णिमाने, केलं. ईशानी कीबोर्डला बोट लावायला गेली की सगळे मिळून ओरडत होते, "अभी नहीं!"

दसऱ्याला सकाळी आजोबा सोवळं नेसून आले. "दसऱ्याला पाटीपूजन करतात," ते म्हणाले. "आता हीच हिची पाटी."

कॉम्प्युटर पाटावर बसला. त्याला झेंडूची माळ घातली. आजोबांनी ओल्या गंधाने पडद्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली. मूठभर अक्षता बटणांच्या फटींत गेल्या, तेव्हा केयूर कळवळून "बाबा, वॉरंटी!" म्हणाला, पण धर्मापुढे वॉरंटीला कोण विचारतो?

"बंद कर दूँ क्या?" केयूरने विचारलं.

"बंद पाटीची पूजा कसली? चालू राहू दे. आणि उत्तरपूजा उद्या. तोवर कुणी हात लावायचा नाही."

ईशानीने आईकडे पाहिलं. "मम्मी, ज्ञानदा?"

"आरती होने दे बेटा, फिर देखते हैं," पूर्णिमा म्हणाली. सासऱ्यांसमोर ती नेहमीच 'फिर देखते हैं' म्हणते.

आरती रंगात आली आणि कॉम्प्युटर वाजू लागला. सरस्वतीच्या मागे ज्ञानदाचा दोन वेण्यांचा फोटो उजळला. आजोबांना वाटलं, यंत्रानेही साथ धरली. त्यांनी आवाज चढवला, केयूरने घंटा जोरात हलवली.

"आजोबा, ज्ञानदाचा फोन आलाय! मी उचलू? ती निघून जाईल!"

इतकी स्वच्छ मराठी त्या घरात आजोबांखेरीज कितीतरी वर्षांत कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. कुणी ऐकलं नाही. आजोबांनी डोळे मोठे केले. पूर्णिमाने पुढे झालेला चिमुकला हात धरून दुसऱ्या हाताशी जोडला आणि नमस्कार करायला लावला. वाजणं थांबलं. पुन्हा सुरू झालं. पुन्हा थांबलं. आजोबांना अजून दोन आरत्या पाठ होत्या.

प्रसादानंतर केयूरने स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावून पाहिला. लागला नाही. पूर्णिमाच्या फोनवर ज्ञानदाच्या आईचा एक निरोप येऊन पडला होता: 'गाडीत बसलो. ज्ञानदा फार रडली. तिला वाटतं, ईशानीने मुद्दाम उचलला नाही.' पूर्णिमाने तो वाचून दाखवला आणि उसासा सोडत श्रीखंड वाढायला घेतलं. ईशानीने पान तसंच टाकलं.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली, पडदा पुसला गेला आणि मराठीचा वर्ग सुरू झाला. सगळं घर मागे कौतुकाने उभं होतं. पुण्याच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "ईशानी बाळ, तुझ्या मैत्रिणीबद्दल मराठीत काही सांगशील?"

ईशानीने बटणांच्या फटीतली एक अक्षत नखाने उकरून काढली.

"मेरी कोई सहेली नहीं है," ती म्हणाली.

केयूरने कपाळाला हात लावला. "देखा बाबा? इसीलिए लिया है कंप्यूटर."

"तरी मी म्हणत होतो," आजोबा म्हणाले, "पोरीला मराठीचा एक शब्द येत नाही."