दहा जणांचा वर्ग

"वर्ग होणार. तू कुठेही जाऊ नकोस," असं पुरुषोत्तम देवधरांनी ब्रिआनाला सोमवारी छातीठोकपणे सांगितलं.

नागपूरला मुलांना शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. मुलाकडे अमेरिकेत कॅरीला आल्यावरही त्यांना घरी बसवेना, म्हणून ते जवळच्या कम्युनिटी कॉलेजात 'जीवशास्त्र आणि समाज' हा पहिल्या पायरीचा विषय शिकवत. नियम साधा होता. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत दहा विद्यार्थी झाले नाहीत, तर वर्ग रद्द. पटावर आठ होते.

ब्रिआना त्या आठांतली. दिवसभर वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालायची आणि संध्याकाळी दोन बस बदलून वर्गाला यायची. नर्सिंगच्या प्रवेशासाठी तिला हा विषय याच सत्रात हवा होता. दुसऱ्या कॅम्पसवर एक जागा रिकामी होती. तिकडे जाऊ का, असं तिने विचारलं होतं. ती गेली असती तर सातच उरले असते. देवधरांच्या मनात ते आलं, पण ते तिला बोलले नाहीत.

मंगळवारी त्यांनी तिथल्या मराठी मंडळातल्या दोघींना गाठलं.

"शोभाताई, कॉलेजला येता का? पासष्टीच्या पुढे फी नाही."

"या वयात? परीक्षेत कॉपी करू द्याल?"

"नंदाताईंचं बघून लिहा."

"मग दोघी नापास!" नंदाताई खळखळून हसल्या.

बुधवारी दोघी स्वेटर घालून पहिल्या बाकावर हजर. देवधर जंतूंविषयी सांगत होते. औषधाचा कोर्स अर्धवट सोडला की चिवट जंतू मागे उरतात, असं ते म्हणाले, तेव्हा शोभाताईंनी हात वर केला. "पण लोक तो का सोडतात?"

उत्तर ब्रिआनाने दिलं. "माझी आजी अर्ध्या गोळ्या जपून ठेवते. पुढच्या आजारपणात डॉक्टर परवडेल की नाही, कोणाला ठाऊक?"

मग सगळेच बोलू लागले. गोळी, विमा, सुट्टी नसलेली नोकरी. तास संपला तरी कोणी उठेना. असा तास वर्षातून एखादा होतो, हे देवधरांना माहीत होतं.

शुक्रवारी साडेअकरालाच ते ऑफिसात गेले. तिथली प्रीता मराठी घरातली, पण वाढलेली इथेच.

"काका, आय ॲम सो सॉरी. फ्री सीटवाले सीनियर्स काउंट होत नाहीत."

"अगं, त्या येतात, वही काढतात, प्रश्न विचारतात."

"आय नो, काका. पण सिस्टिममध्ये आठच दिसतात. बारा वाजता ती आपोआप कॅन्सल करते."

त्यांनी तिथूनच दुसऱ्या कॅम्पसला फोन लावायला सांगितलं. जागा बुधवारीच भरली होती.

संध्याकाळी ते तरीही वर्गात जाऊन बसले. रद्द झाल्याचा मेल बघायला ब्रिआनाला वेळ मिळालेला नसणार, हा त्यांचा अंदाज खरा ठरला. ती कामाच्या गणवेशातच धापा टाकत आली. त्यांनी सगळं सांगितलं. सोमवारी जे बोलले नव्हते, तेही.

"म्हणजे मी गेले असते तर सात झाले असते, म्हणून?"

"हो. पण मला वाटलं होतं, दहा होतील. खरंच वाटलं होतं."

"पुढच्या सत्रात हा वर्ग असेल?"

"असेल बहुतेक. पण तोवर नर्सिंगचे अर्ज..."

"बंद झालेले असतील. माहीत आहे मला."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त खांद्यावरची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"मी तुम्हाला विचारलं होतं, प्रोफेसर," ती म्हणाली आणि निघाली.

देवधर उभे राहिले. तेवढ्यात दुसरा एक विद्यार्थी दारात आला. कोरं पुस्तक पिशवीतून बाहेर काढत त्याने विचारलं, "सर, आज कुठलं प्रकरण?"