सात टिक, बंदपासून

नणंद-भावजयीचं पटत नव्हतं यात नवल नाही. नवल हे की त्यांच्या भांडणाच्या मधोमध एक मोटरसायकल उभी होती. नणंदेचं स्वतःचं गॅरेज होतं आणि भावाची गाडी पहिल्या दिवसापासून तिच्याच हाताखालची. तीन महिन्यांपूर्वी गिरणीजवळच्या वळणावर भाऊ गाडीवरून पडला, पायाचं हाड मोडलं. नणंदेने आरसा आणि हँडल बदलून गाडी भावजयीच्या ताब्यात दिली ती एक तंबी देऊनच: शॉकअपला हात लावायचा नाही.

भावजय घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची. गाडी प्रत्येक खड्ड्यात असे दणके देई की नळ्यांतलं रक्त घुसळून निघे आणि नमुने फुकट जात. प्रयोगशाळेच्या बाईंनी दोनदा समज दिली तेव्हा ती मुकाट्याने गॅरेजात गेली. नवरा ऐंशी किलोचा, मी पन्नासची, तेव्हा शॉकअप माझ्या वजनाला लावून दे, एवढंच तिचं म्हणणं. नणंदेने इंजिनातून डोकंही वर काढलं नाही. ज्यांना गाडी झेपत नाही त्यांनी बसने जावं, असं ती इंजिनालाच म्हणाली. भावजयीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी नवऱ्याचंही तेच. राहू दे, तिला कळतं त्यातलं, म्हणे. मग काय, तिचा तोंडाचा पट्टा सुटला. तुम्हा भावंडांना सगळंच कळतं, फक्त वळणावर गाडी हळू घ्यायची एवढं कळत नाही. धांदरट तो धांदरटच. तीन महिने हेच चाललं होतं. नवरा स्टुलावर ठेवलेल्या पायाकडे बघत बसे आणि उलटून एक शब्द बोलत नसे, याचा तिला आणखी राग येई.

शेवटी तिने गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडलं. पुढच्या चाकाला दोन शॉकअप, प्रत्येकाच्या डोक्यावर तो कडक-मऊ करायचा एक स्क्रू. काहीही बदलण्याआधी आहे ते मोजून ठेवायचं, असं पहिल्याच पानावर ठळक छापलेलं होतं. स्क्रू आवळत जायचा, दर वेळी बोटाला बारीक टिक जाणवतो. पार बंद होईपर्यंत टिक मोजायचे. दोन्ही बाजूंचा आकडा सारखाच हवा. तिने डावी बाजू मोजली, सात. उजवी मोजली, तेरा. आपलंच चुकलं असणार म्हणून पुन्हा मोजली, तरी तेराच. मग स्क्रू मूळ जागी आणून दुसऱ्या टोकाला पार उघडेपर्यंत मोजला. सात.

एकूण टिक वीस. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एक बाजू बंदपासून मोजली होती आणि दुसरी उघडपासून.

दोन्ही स्क्रू होते तसे ठेवून ती गॅरेजात जाऊन उभी राहिली. एरवी ती नणंदेला ताई म्हणायची. वन्सं हा शब्द खास भांडणासाठी राखून ठेवलेला.

"वन्सं, टिक कुठून मोजायचे असतात? बंदपासून की उघडपासून?"

"बंदपासून. पोरसुद्धा सांगेल."

"मग उजवीकडचे तुम्ही कुठून मोजलेत?"

नणंद हात न पुसताच गाडीपाशी आली. डावी मोजली, उजवी मोजली. तेरा म्हणाली आणि उजवी पुन्हा मोजायला लागली.

"एवढ्याने माणूस पडत नाही," ती म्हणाली.

"मग हात लावायचा नाही, असं मला का बजावलंत?"

"कारण मी स्वतःच नंतर कधी मोजलं नाही. भीती वाटली." आणि मग नणंद उसळली. "तो पडायच्या आधी गाडी माझ्याकडे आली तेव्हा डावी बाजू लावून झाली होती. उजवीला हात घातला आणि तुझा फोन आला. गाडी अजून दिली नाही म्हणून अर्धा तास मला वाट्टेल ते बोलत होतीस. फोन ठेवला तेव्हा डोक्यात तुझेच शब्द होते. त्यानंतर कुठून मोजलं, मला आठवत नाही. बोल आता."

भावजय तिला फाडून खायला आली होती. पण तो फोन तिला चांगलाच आठवत होता, त्यातले शब्दसुद्धा. तिने स्क्रू ड्रायव्हर मागितला. नणंदेने दिला, पण मी लावून देते असं काही म्हणाली नाही. भावजयीने दोन्ही बाजू बंद केल्या आणि मोठ्याने मोजत बारा-बारा टिक उघडले. नणंद हाताची घडी घालून बघत राहिली.

"यापुढे दुसरं गॅरेज बघ," ती म्हणाली.

"बघितलं. माझं मीच करीन."

परतीच्या वाटेवर गाडी शहाण्यासारखी चालली. भावजयीचा राग मात्र निवला नव्हता, आणि तो नक्की कोणावर आहे हे तिला उमगत नव्हतं. घरी नवरा पाय स्टुलावर ठेवून बसला होता. तिने सांगितलं, शॉकअपच्या दोन्ही बाजू सारख्या करून आणल्या. बरं केलंस, तो म्हणाला. आधी सारख्या नव्हत्या का, असं त्याने विचारलं नाही.

हेल्मेट काढता काढता ती थांबली.

"तुला माहीत होतं?"

"हॉस्पिटलमधून आलो त्याच आठवड्यात कुबडी घेऊन खाली गेलो आणि मोजलं."

"आणि तीन महिने माझी बोलणी खात बसलास?"

"सांगितलं असतं तर तू तिला सोडलं नसतंस," तो म्हणाला. मग पायाची पट्टी उगीचच सारखी करत बोलला, "आणि तिने तुला. तुझा फोन आला तेव्हा मी तिथेच, गॅरेजात बसलो होतो."

तिला त्याच्याकडे बघवेना.