सुकार्ती हलकी झाली

तळलेल्या केळ्यांचा पुडा रंगमंचावर येऊन पडला, तेव्हा सुकार्ती राजवाड्यातल्या दासीच्या वेषात भुईवर फतकल मारून बसली होती. पुढच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "खा गं सुकार्ती! राणीसाहेब बघत नाहीत!"

हे रोजचंच होतं. जाड्या दासीला प्रेक्षकांनी खाऊ फेकायचा, राजाचं राज्य बुडत असलं तरी तिने तो तिथेच मिटक्या मारत संपवायचा, आणि मग नाटकातल्या तिच्या काटकुळ्या आईने तिला हाताला धरून उठवायला बघायचं. आई ओढायची, ही जागची हलायची नाही. आई ओढणी कमरेला बांधायची, पाय रोवायची, साऱ्या पूर्वजांना हाका मारायची आणि शेवटी स्वतःच आडवी व्हायची. क्लातेन शहराच्या आसपासची गावं या एका प्रवेशासाठी मैदानातल्या त्या बांबू-पत्र्याच्या मांडवात लोटायची. राजा कोण आणि त्याचं कुणाशी भांडण, याच्याशी कुणालाच देणंघेणं नव्हतं.

आज मात्र सुकार्तीने पुडा उचलला, हुंगला आणि कमरपट्ट्यात खोचून टाकला. आईचं काम करणारी लासमी मावशी क्षणभर गडबडली, पण तिचा जन्म याच फळ्यांवर गेलेला. "अरे देवा, पोरीचं पोट भरलं!" ती किंचाळली. "पळा रे पळा, आता डोंगर फुटणार!" मांडव खदखदून हसला आणि वेळ निभावली.

आत आल्या आल्या मावशीने तिला गाठलं. "काय गं, केळ्यात अळी निघाली का?"

"दवाखान्यातल्या एंडाहबाईंनी तळलेलं बंद केलंय, मावशी. भातसुद्धा."

"भात?" मावशी पेटाऱ्यावर बसलीच. "मग जगायचं कशावर?"

सुकार्तीला साखरेचा आजार जडला होता. तिच्या सख्ख्या आईलाही तोच होता. आईचं पाऊल कापावं लागलं, मग गुडघ्यापर्यंतचा पाय, आणि मग ती बाई दारात चटईवर बसून राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची, मला जरा त्या कुशीवर करता का. सुकार्तीला मरणाची भीती नव्हती, त्या चटईची होती. म्हणून एंडाहबाई जेव्हा म्हणाल्या, "पाय हवे असतील तर वजन उतरव," तेव्हा ती एरवीसारखी थट्टेवारी न नेता मुकाट्याने ऐकत राहिली. पपई खा, पेरू खा, पण गुळात बुडवून नको. पोटात आग पडली तर अवोकाडो, मूठभर शेंगदाणे, ओलं खोबरं.

मांडवामागे अवोकाडोचं एक झाड होतं. त्याची फळं पत्र्यावर धपकन पडायची आणि तालीम चालू असली की राजा दचकायचा. सुकार्ती ती वेचून आणायची, मीठ लावून चमच्याने खायची. लासमी मावशी नाक मुरडायची. "साबण खाल्ल्यासारखं कसं खातेस गं?" खरं तर सुरुवातीला सुकार्तीलाही तसंच वाटायचं. भात पोटात गेला नाही म्हणजे आपण जेवलोच नाही, हे तिच्या हाडीमासी भिनलेलं. डोळे मिटले की वाफाळता भात दिसायचा. कुणीतरी पानात वाढायचं, आणि घास उचलण्याआधी जाग यायची.

मग हळूहळू ती स्वप्नं थांबली. दुपारी झाडाखाली पडून ती पानांतून उतरणारा उजेड बघत राहायची. कुणाच्या तरी घरी आपण राहायला आलोय आणि त्या घरातलं सामान कुणीतरी आवाज न करता एकेक करून बाहेर नेतंय, असं तिला वाटायचं. आधी हनुवटीखालचं गेलं. मग दंडावरचं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. चालताना आपल्या पायांचा आवाज येत नाही, याची तिला गंमत वाटायची. पोरवयात ती अशीच चालत असेल, पण ते आता आठवत नव्हतं.

आणि एका संध्याकाळी लासमी मावशीने सवयीने हिसडा दिला, तर सुकार्ती उठली.

अगदी सहज उठली. दोघी हातात हात घालून समोरासमोर उभ्या राहिल्या आणि पुढे काय करायचं ते दोघींनाही सुचेना. कुणी हसलं नाही. बाकावरून एका म्हातारीचा आवाज आला, "अगंबाई, काय झालंय हिला?" मग रुमालाची एक पुरचुंडी येऊन पडली. आत खाऊ नव्हता, झाडपाल्याचं औषध होतं.

खेळ सुटल्यावर बायकांनी तिला घेरलं. एकीने मनगट चाचपलं. "खरं सांग, कुठला आजार आहे?"

"आजार कुठला हो! फळं खाते मी."

"फळं आजाऱ्यालाच तर देतात," ती बाई म्हणाली आणि डोळे पुसायला लागली.

त्या मुलखात बाळसं म्हणजे सुख. सुकलेल्या माणसाला कोण हसणार? रोज औषधं पडायला लागली, बाक रिकामे व्हायला लागले. मालक दार्सोनो मनाने वाईट नव्हता, पण मंडळींची पोटं त्याच्यावर होती. त्याने सावरीच्या कापसाच्या दोन उशा शिवून आणल्या, एक पुढे, एक मागे.

उशा बांधल्या आणि हसू परत आलं. लोक भेटून म्हणायचे, "बरी झालीस हो! जिवाला घोर लागला होता." सुकार्ती मान डोलवायची. उशीच्या आत घामाने निथळताना तिला ते हसू लांब कुठेतरी, शेजारच्या गावात चालल्यासारखं ऐकू यायचं. मावशी पोटात बोट खुपसायची, पण पोटाला काही कळायचं नाही. पूर्वी नुसतं बसलं की झालं. आता जड असल्याचं सोंग आणताना तिच्या टाचा दुखायच्या.

एक दिवस लासमी मावशी केळीच्या पानातला भात घेऊन आली. नारळाच्या दुधात शिजवलेला, अजून गरम. तिने तो सुकार्तीच्या मांडीवर ठेवला.

"खा."

"मावशी, नको ना."

"चार घास खा गं. रोज थोडा थोडा. भरशील पुन्हा. त्या उशांच्या गाठोड्याला ओढताना मला लाज वाटते." मावशी तिच्याशेजारी टेकली. "मी काडीसारखी बाई. तू जड होतीस म्हणून मला लोक बघायचे. तू गेलीस तर मी कुणाला ओढू?"

सुकार्तीने पान उघडलं. वाफ तोंडावर आली आणि तिला रडूच फुटलं. किती वेळ ती त्या भाताकडे बघत राहिली. मग तिने पान जसं होतं तसं मिटलं आणि मावशीच्या हातात परत दिलं.

"मला चालायचंय गं, मावशी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने मालकाला सांगितलं, "लोक उशीला हसतात, मालक. ती तुमच्या भाचीलाही बांधता येईल."

"रागावलीस?"

"छे. खरं तेच सांगतेय." आणि ती राण्यांचे अंबाडे बांधायला आणि मुकुटांच्या टिकल्या चिकटवायला बसली.

पुढे कधीतरी, हात मोकळे असताना, ती पहिल्यांदाच बाहेर जाऊन लोकांत बसली. रंगमंच इतका उजळ दिसतो हे तिला ठाऊकच नव्हतं. शेजारी मुटिलानहून आलेली एक बाई शेंगा सोलत होती. तिने मूठभर शेंगा सुकार्तीपुढे केल्या.

"ही नवी आहे," बाई दासीकडे बोट दाखवून म्हणाली. "ठीक करते. पण आधीची बघायला हवी होतीत तुम्ही."

"चांगली होती का?"

"चांगली? अहो, ती नुसती बसली तरी आमची मुरकुंडी वळायची. माझा नवरा गेला त्या वर्षी मी हसले ते तिच्यामुळे." बाईने सुस्कारा सोडला. "गेली बिचारी. शेवटी शेवटी पार काडी झाली होती म्हणे."

सुकार्तीने शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले. काही बोलावं असं वाटलं, पण ती बाई इतक्या मायेने बोलत होती की तिला मध्येच तोडणं बरं दिसलं नसतं.

"देव तिला सुखात ठेवो," बाई म्हणाली.

"ठेवेल," सुकार्ती म्हणाली.

वर लासमी मावशीने ओढणी कमरेला बांधली, पाय रोवले आणि पूर्वजांना हाका मारल्या. मांडव हसायला लागला. सुकार्तीही हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग आतून कुणीतरी राणीच्या अंबाड्यासाठी तिला हाक मारली, आणि ती बाकावरून उठली. गुडघ्यावर हात न टेकता, कुणाचा आधार न घेता उठली. शेजारच्या बाईने तिला वाट द्यायला पाय जवळ घेतले, नजर मात्र रंगमंचावरच होती.