सुतळीने शिवलेली फाटाफूट

मित्रांनो, मला हातात घेतलेत तर आधी माझ्या पाठीवरची जाड सुतळी बोटांना लागेल. मी एक जुने पुस्तक आहे. रशियातले समाजवादी क्रांतिकारक आपसांत कसे फुटले, त्याची हकिकत माझ्यात आहे. सांगलीच्या छापखान्यात माझी शिलाई इतकी पक्की झाली होती की मला तिचा थोडा गर्वच होता.

चिपळूणच्या समाधान वेल्डरने मला कोकमांच्या पुडीशेजारी ठेवून सौदीत, जुबैलच्या कामगार कॅम्पात आणले. शुक्रवारच्या सुट्टीत, दुपारी, एसी घुमत असायचा, बाहेर वाळू उडत असायची आणि समाधान मला मोठ्याने वाचायचा. त्याचा खोलीतला मित्र सिद्धार्थ डोळे मिटून ऐकायचा. माझ्या पानांतला बर्फ त्या खोलीत भुरभुरतो आहे, असे मला अर्धवट झोपेत वाटे. फार सुखाचे दिवस होते ते.

एकदा एकोणीसशे तीनच्या अधिवेशनाचे प्रकरण आले. पक्षाचा सभासद कोणाला म्हणायचे? एक नेता म्हणे, संघटनेत स्वतः राबेल त्यालाच. त्याचा जिवलग मित्र म्हणे, संघटनेच्या सांगण्यावरून मदत करेल त्यालाही. त्यावर मतदान झाले, तिथून मने दुभंगली आणि बोल्शेविक, मेन्शेविक असे दोन गट झाले. समाधान हसला होता. "एका वाक्यापायी कोण भांडतं रे?"

दोन महिन्यांत तोच भांडला. आठ जणांची मिळून मेस होती, स्वयंपाकाची पाळी ठरलेली. म्हाताऱ्या पांडूकाकांची कंबर धरली, गॅसपाशी उभे राहवेना. समाधानने भिंतीवर नियम चिकटवला: पाळी करेल तोच मेसचा माणूस. सिद्धार्थ म्हणाला, जमेल ती मदत करेल तोही आपलाच. पाच जण एकीकडे, तीन दुसरीकडे. शेगड्या दोन झाल्या, कुकर दोन झाले. खोली सोडताना सिद्धार्थने मला उचलले, समाधानने ओढले, आणि मी मधोमध, त्या अधिवेशनाच्या प्रकरणातच, मतदानाच्या आधीच्या पानावर फाटले.

पुढचा भाग समाधानकडे राहिला, मागचा सिद्धार्थकडे गेला. मला एकदम दोन खोल्यांची स्वप्ने पडू लागली. खूप एकटे वाटे. पांडूकाका मात्र खाटेवर बसून दोन्ही मेसचा लसूण सोलत. समाधानच्या मेसमधला शारीक त्यांच्या वाट्याचा लसूण समाधानला न कळवता घेऊन जाई.

मग काकांचे कायमचे घरी जायचे कागद आले. जाण्याआधी आठही जणांनी एकत्र जेवावे, एवढेच त्यांचे मागणे होते. सिद्धार्थ माझा मागचा भाग घेऊन समाधानच्या दारात गेला आणि त्यातली एक ओळ वाचली. अधिवेशनातल्या त्या दोघा मित्रांपैकी एक जण शेवटच्या आजारात दुसऱ्याची चौकशी करत होता म्हणतात, पण भेट राहूनच गेली. तेव्हा शारीकने लसणाचे सांगून टाकले. समाधानने भिंतीवरचा नियम काढला आणि तो काकांच्या खाटेपाशी गेला.

"काका, चुकलं माझं. आज लसूण एकाच पातेल्यात पडू द्या."

जेवणानंतर काकांनी दाभण घेतला आणि तांदळाच्या गोणीच्या सुतळीने मला शिवले. त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी मागचा भाग पुढे लावला आणि पुढचा मागे.

म्हणून मित्रांनो, माझी सुरुवात आता ताटातुटीने होते. शेवटच्या पानावर मतदान अजून व्हायचे आहे आणि दोघे मित्र एकाच बाकावर बसले आहेत. मला जपून हाताळा. पण माझी पाने नीट लावायला म्हणून ही सुतळी कधी उसवू नका.