पासवर्ड विसरलात?

मोडेमवरचा बारका तांबडा दिवा लुकलुकला, विझला, पुन्हा लुकलुकला – मृणाली त्याच्याकडेच बघत होती, कारण पडद्याकडे बघायची तिला धास्ती वाटत होती. बाजूच्या शेडमध्ये गणपतींवर रंगाचा फवारा चालला होता.

"गो मृणाली, फोन सोड!" बाबा तिकडून ओरडले. "रोह्याचं गिऱ्हाईक कवापासून लावत असंल, लागायचा नाय त्याला!"

"सोडते, बाबा." पण इंटरनेटनं अडवलेली फोनची लाइन तिनं सोडली नाही.

मूर्तींची वेबसाइट नव्या पत्त्यावर न्यायची म्हणजे बिऱ्हाड हलवण्याइतकंच, असं तिला वाटलं होतं. कसलं काय! धाकट्या बहिणीनं, किमयानं, इंटरनेटवरच्या फुकटच्या जागेवर ती पानं केली तेव्हा प्रत्येक लिंकमध्ये जुना पत्ता अख्खाच्या अख्खा घातला होता. नव्या घरात आलेल्या माणसानं चित्रावर क्लिक करायचा अवकाश, की परत जुन्या घरी... मृणालीनं एकेक लिंक हातानं बदलली. जुन्या पत्त्यात किमयाचं नाव होतं, नव्यात बाबांचं. नागोठण्याच्या कॉलनीतल्या त्या मुलाबरोबर ती निघून गेली तेव्हाच बाबांनी बजावलं होतं, या घरात तिचं नाव निघायला नको. नाही निघालं. पण मग मी कुणाशी बोलायचं? रंगाच्या डब्यांशी?

जुनं पान मात्र जागच्या जागी. शोधणाऱ्याला अजून तेच सापडायचं – जुने भाव, बंद पडलेला फोन नंबर. तिथं 'आम्ही इकडे आलो' एवढं लिहायचं तरी पासवर्ड हवा, आणि तो किमयाकडे. आईचं नाव घालून पाहिलं, मांजरीचं पाहिलं. शेवटी उरलं ते बटण – पासवर्ड विसरलात? ते दाबलं की पासवर्ड जायचा किमयाच्या ई-मेलवर, आणि तो ई-मेल कुठला हे पडदा काही सांगत नव्हता. उपयोग शून्य. तरी मृणाली रोज दुपारी ते दाबायची, बंद दाराची कडी वाजवावी तसं. मी आहे गं... ऐक ना.

दिवा स्थिर झाला. जुनं पान वरून खाली सावकाश उतरत गेलं, आणि तळाशी – काल नव्हती अशी एक इंग्रजी ओळ. कारखाना आता इथं आहे. खाली नवा पत्ता, बिनचूक. जुने भावही काढलेले.

म्हणजे कडी किमयाला ऐकू येत होती. नवा पत्ताही तिनं शोधून काढला होता. मृणालीनं पान पुन्हा पुन्हा वरखाली केलं – कुठं आहेस, कशी आहेस, निदान 'ताई' एवढं तरी... काही नाही. कामापुरतं काम करून गेली, शहाणी! तिला भयंकर राग आला आणि रागाबरोबर डोळेही भरून आले. एवढं कोरडं का गं?

मग हळूहळू दुसरंच ध्यानात आलं. आता काहीच अडलेलं नव्हतं. उद्या दुपारी ते बटण मी कशासाठी दाबू?

बाबा दारात येऊन उभे राहिले होते, हात पिवळ्या रंगानं भरलेले.

"झालं काय त्या जुन्या पानाचं?"

मृणालीनं पडदा किंचित आपल्याकडे वळवला.

"नाय, बाबा," ती म्हणाली. "राहिलंय अजून."