नंबर चारचा वॉकर

वस्तू देणारे लोक जगात पुष्कळ आहेत. दिलेली वस्तू वेळेवर परत आणणारं माणूस मात्र बंगळुरूच्या आमच्या येलहंकात एकच, आणि ते मी. ही बढाई आहेच, पण खोटी नाही.

मी वसुमती, वय बहात्तर. येलहंका जंक्शनच्या पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं काढली. आलेला माल पडून राहिला की माझं डोकं फिरायचं, ते अजून फिरतं. अकरा वर्षांपूर्वी माझे यजमान रघुनंदन गेले, तेव्हा त्यांची व्हीलचेअर आणि उशाकडून वर होणारी कॉट मोटारीच्या शेडमध्ये नुसती पडून होती. गल्लीतल्या एका घरानं कॉट मागून नेली. दुसऱ्या घरानं आपल्याकडची कमोडची खुर्ची आणून ठेवली. असं करता करता आज शेडमध्ये तीन व्हीलचेअर, दोन कॉट, हवेची एक गादी आणि नऊ वॉकर आहेत. प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं नंबर घातलाय. कोणीही यावं, वहीत नाव लिहावं आणि घेऊन जावं.

नवीन राहायला आलेली मुलं म्हणतात, "अक्का, वॉकर तर मोबाइलवर मागवला की दहा मिनिटांत घरी येतो." येतो ना, येऊ दे. पण तो घरातून जातो कधी, ते सांगा. पाय बरा झाला तरी माणूस वॉकर सोडत नाही. आज सोडू, उद्या सोडू करत वर्ष घालवतो, आणि मग खरोखरच त्याला त्याच्याशिवाय चालता येत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून आमचं हे शेडमधलं केंद्र वस्तू देतं ते निम्मं काम, आणि काढून घेतं ते उरलेलं निम्मं.

काढून घ्यायची माझी एक रीत आहे. आधी डॉक्टरांचा होकार पाहिजे, त्याशिवाय मी कुणाच्या वॉकरला हात लावत नाही. होकार मिळाला की मी त्या घरी जाते आणि फिल्टर कॉफी करायला सांगते. पेला अगदी काठोकाठ भरायचा, माणसाच्या दोन्ही हातांत द्यायचा आणि म्हणायचं, स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंत चला. हात अडकलेले असतात, त्यामुळे वॉकर धरता येत नाही. डोळे कॉफीवर असतात, त्यामुळे घाबरायला सवड मिळत नाही. दारापाशी पोचले की बसवायचं आणि म्हणायचं, आता प्या. ते पिऊन पेला खाली ठेवेपर्यंत मी वॉकर उचलून गल्लीच्या टोकाला पोचलेली असते.

लोक चिडतात. आमच्या समोरचा खंडोजी तर फारच चिडला. तो शिंपी, बाजारात त्याचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचा पाय मोडला होता. बरा झाल्यावरही नंबर चारचा वॉकर दोन महिने दाबून बसला, तेव्हा मी कॉफी पाजून तो काढून आणला. फाटकात उभा राहून त्यानं आधी मराठीत आणि मग कन्नडमध्ये माझा उद्धार केला. तेव्हापासून माझे ब्लाउज शिवून देतो, पण "झालं" याखेरीज एक शब्द बोलत नाही. मी म्हटलं, नको बोलू. चालतोयस ना?

आणि मग या जानेवारीत मीच मागच्या पायरीवरून घसरले. घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर झालं, प्लास्टर निघालं, आणि वहीत स्वतःचं नाव लिहून मी नंबर चार घेतला. मार्चमध्ये डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले, "उत्तम. आता वॉकर सोडा." मी म्हटलं, सोडते.

त्याला पाच आठवडे झाले, तरी मी सोडला नव्हता. स्पष्टच सांगते, मला भीती वाटत होती. वॉकरवरचे हात काढले की ती ओली पायरी दिसायची आणि मी पुन्हा वॉकर धरायची. घरात मी एकटी. पुन्हा पडले तर उचलणार कोण? लोकांची ही असली कारणं मी अकरा वर्षं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिली होती. आता तीच कारणं मी स्वतःला सांगत होते, आणि मला ती अगदी पटत होती. मला स्वतःची लाज वाटायची. आणि मला जाब विचारायला यायची गल्लीत कुणाची छाती नव्हती.

एका शुक्रवारी संध्याकाळी श्वेता शेडमध्ये आली. ही नागपूरची मुलगी, खंडोजीच्या घराच्या खालच्या भागात भाड्यानं राहते. तिच्या वडिलांचं, दत्ताजींचं, अडीच महिन्यांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

"अक्का, फिजिओ म्हणतात की बाबा आता इंडिपेंडंटली चालू शकतात," ती म्हणाली. "पण ते वॉकर सोडतच नाहीत. बाथरूमला जातानाही त्यांना मी मागे उभी लागते. इतके दिवस वर्क फ्रॉम होम होतं, पण सोमवारपासून कोरमंगलाला ऑफिसात जावंच लागणार आहे. बारा तास ते घरात एकटे. मी काय करू? तुमची ती कॉफीची टेस्ट घ्याल का?"

बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. मी खुर्चीत बसले होते. नंबर चार माझ्या पाठीशी इतर वॉकरांच्या रांगेत उभा होता. वॉकरांनी भरलेल्या शेडमध्ये कुणाचा कोणता, हे कोण बघतं?

"उद्या दहाला येते," मी ऐटीत म्हटलं. "कॉफी पावडर आहे ना घरात?"

ती गेल्यावर मी कपाळाला हात लावला.

सकाळी दहा वाजता मी आमच्या फाटकात उभी होते. समोरचं फाटक चाळीस पावलांवर. वॉकर ठेवून एक पाऊल टाकून पाहिलं, दुसरं काही पडेना. शेवटी मुकाट्यानं नंबर चार धरला आणि टक टक करत रस्ता ओलांडला. फाटकात खंडोजी झाडांना पाणी घालत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग वॉकरवरच्या नंबराकडे पाहिलं, आणि दोन वर्षांनी तोंड उघडलं.

"हा माझा न्हवं का, अक्का?"

"केंद्राचा आहे," मी म्हटलं.

"सरी, सरी, केंद्राचा तर केंद्राचा. डॉक्टर काय म्हणाले?"

मी त्याच्या बाजूनं वॉकर पुढे दामटला. त्यानं नळ बंद केला आणि तो माझ्या मागोमाग श्वेताच्या घरात शिरला. घर त्याचंच, त्याला अडवणार कोण?

दत्ताजी हॉलमध्ये खुर्चीत बसले होते. उंच, दणकट माणूस, मिशा पांढऱ्याशुभ्र. समोर मोबाइलवरून मागवलेला नवाकोरा वॉकर. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "या बाई. पोरगी सांगत होती, तुम्ही वॉकर सोडवता म्हणून. पन तुमच्याच हातात त वॉकर आहे. अन् मले काहून सांगता?"

श्वेतानं माझ्याकडे चमकून पाहिलं. खंडोजी दाराला टेकून उभा होता. मी आयुष्यात इतकी उघडी पडले नव्हते. दोन खोट्या गोष्टी जिभेवर तयार होत्या, पाय अजून दुखतो आणि डॉक्टर थांबा म्हणालेत. पण मग या माणसाचं काय? सोमवारी त्याची लेक बारा तास बाहेर, आणि हा खुर्चीत खिळलेला.

"दत्ताजी, मला पाच आठवड्यांपूर्वीच सोडायला सांगितलंय," मी म्हटलं. "नाही सोडला. भ्यायले म्हणून."

मग ते थोडे नरमले. "हो न बाप्पा. मले बी भेवच वाटते," ते म्हणाले. "पाय बरा आहे. पन हात सोडले का वाटते, आता गेलो."

"नागपूरला काय करत होता तुम्ही?"

"कंडक्टर. यष्टीत. बत्तीस वर्ष."

मी ताठ झाले. पार्सल ऑफिसातला माझा जुना आवाज आपोआप वर आला. "म्हणजे बत्तीस वर्षं चालत्या गाडीत उभे होतात. एका हातात तिकिटं, दुसऱ्या हातात पंच. घाटात, खड्ड्यात, ब्रेक लागला तरी. तेव्हा काय धरत होतात?"

ते विचारात पडले. "काहीच नाही. कमरेनं तोल धरायचो."

"मग इथे तर जमीन हलतही नाही!"

ते खो खो हसले. "बोलनं त बरोबर आहे. पन एक सांगतो बाई, मी एकटा नाही चालनार. तुम्ही बी चाला."

"स्वल्प थांबा," खंडोजी म्हणाला आणि स्वयंपाकघरात गेला. श्वेताच्या मागे लागून त्यानं कॉफी करून घेतली आणि दोन पेले स्वतः भरले. इतके काठोकाठ मी कधी भरले नसतील. मेल्यानं दोन वर्षांचा राग त्या पेल्यात ओतला होता.

आधी दत्ताजी उठले. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत वॉकर धरून गेले आणि तिथे त्यांनी पेला हातात घेतला. पाय किंचित फाकवले, कंबर जरा खाली घेतली, आणि निघाले. गर्दीच्या गाडीतून वाट काढत जावं तसे, खांदा पुढे करून. श्वेता दोन्ही हात पसरून शेजारून चालत होती, पण तिची गरज पडली नाही. अठरा पावलं. एक थेंब सांडला नाही. दारातल्या खुर्चीवर बसून त्यांनी कॉफीचा घोट घेतला आणि मिशी पुसली.

"या आता," ते मला म्हणाले. "मागचे पुढे सरका."

मी वॉकर स्वयंपाकघराच्या दारात ठेवला. पेला घेतला. ओली पायरी डोळ्यांसमोर आली, पण कॉफी काठाशी थरथरत होती, तिच्याकडे बघावंच लागलं. एक, दोन. तिसऱ्या पावलाला कॉफी सांडली, बोटं भाजली, पदरावर डाग पडला. मी थांबले. मला रडू येईलसं वाटलं.

"सांडली," मी म्हटलं. "झालं. नापास."

"अक्का," खंडोजी म्हणाला, "माझी तर अर्धी सांडली होती. तुम्ही काय केलं होतं, आठवतं?"

मला आठवत होतं. मी पायपुसण्यानं फरशी पुसून म्हटलं होतं, सांडली तर पुसता येते, पुढे चल. तो मला शिव्या देत पुढे चालला होता.

"तुम्ही पडला नाही ना?" खंडोजी म्हणाला. "मग चला पुढे. फरशी मी पुसतो."

मी चालले. मोजली नाहीत पावलं. दारापाशी पोचले तेव्हा पेला निम्मा होता, आणि श्वेता बापाच्या खुर्चीशी वाकून त्याच्या खांद्यावर डोकं टेकून होती. मी शेजारच्या खुर्चीत धपकन बसले. दत्ताजी म्हणाले, "घ्या बाई, थंडी होते." मी कॉफी प्यायले. इतकी चांगली कॉफी मी बऱ्याच दिवसांत प्यायले नव्हते. दत्ताजींना म्हटलं, सोमवारी सकाळी मी इकडे येते, आपण दोघं फाटकापर्यंत जाऊन येऊ. ते म्हणाले, "फाटकच काहून? बाजारापर्यंत जाऊ."

पेला खाली ठेवला आणि उठायला हात पुढे केला, तर हाताला काहीच लागलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात माझा वॉकर नव्हता. दत्ताजींचाही नव्हता. फरशी पुसून लख्ख केलेली होती.

मी दाराची चौकट धरून उभी राहिले आणि बाहेर पाहिलं. खंडोजी रस्ता ओलांडून आमच्या शेडच्या दारात पोचला होता. दोन्ही खांद्यांवर एकेक वॉकर, मागे वळून बघायचं नाव नाही. मी फाटकात येऊन मराठीत आणि मग कन्नडमध्ये त्याचा उद्धार केला.

मग चाळीस पावलं चालून घरी गेले, आणि वहीत नंबर चारपुढे तारीख घालून 'परत' असं लिहिलं.